शेवटच्याने काटी लावायची

माणगावच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी एक दरी आहे. तिथून वर खिंडीत जाणारी पायवाट मी आमच्या ग्रुपच्या यादीतून काढून टाकली होती. लोक विचारायचे, एवढी सुंदर वाट का बंद केलीत? मी सांगायचो, वरच्या टप्प्यावर दगड सुटलेत, पावसाने वाट खचलीय. दगड सुटले नव्हते आणि वाट होती तशीच होती. मला त्या दरीत तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि हे कारण कोणाला सांगता येत नव्हतं.

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. आठवडाभर मी अलिबागला कोर्टात टंकलेखकाचं काम करतो. साक्षीदार बोलतो, साहेब सांगतात, मी टाइप करतो. तिथे मला कोणी नावानेही हाक मारत नाही. रविवारी मात्र मी कोणीतरी असतो. मुंबईकडून दहा-पंधरा जण येतात, त्यांना मी रायगडच्या डोंगरांतल्या जुन्या वाटा दाखवतो. पैसे घेत नाही, भाव मात्र खातो. कड्याखाली आलो की सगळ्यांना थांबवतो आणि सांगतो, हा डोंगर म्हणजे लाव्ह्याचे थर आहेत, घावनांची चवड असावी तसे एकावर एक. कधीकाळी इथली जमीन फाटली, आतून तापलेला रस आला, पसरला, थिजला, त्यावर पुन्हा आला. त्याच दगडाची माती झाली आणि त्या मातीत खालची भातशेती उभी आहे. लोक वाकून काळ्या कातळाला हात लावून बघतात. ते पाहून मला असं काही भरून येतं, जणू तो लाव्हा मीच ओतलाय.

आणि माझे नियम. गोळीचा कागदसुद्धा खिशात ठेवायचा. मोबाइलवर गाणी लावायची नाहीत. कोणाच्या अंगणात विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. या सगळ्यांच्या वर एक नियम होता, काटीचा.

माझं लहानपण अलिबागजवळच्या एका शेतीच्या गावात गेलं, म्हणून मला हा नियम ठाऊक होता. भात कापून झालं की खाचरात राहिलेल्या ओलीवर वाल पेरतात. नेमकी तेव्हाच गावची ढोरं मोकळी फिरू लागतात, आणि वालाच्या वेलावर ढोर तुटून पडतं. म्हणून शेताभोवती काट्यांचं कुंपण करतात. पण पायवाट शेतातून जात असली तर ती कोणी बुजवत नाही. कुंपणात माणूस जाईल एवढी फट ठेवतात आणि तिथे एक मोठी काटेरी फांदी आडवी टाकतात. तिला नुसतं काटी म्हणतात. जाणाऱ्याने ती उचलायची, पलीकडे जायचं आणि होती तशी ठेवायची. कुलूप नाही की पाटी नाही. येणाराजाणारा ती परत ठेवील, एवढ्याच भरवशावर चार महिन्यांचं पीक उभं असतं.

मी त्याचं शास्त्र करून टाकलं होतं. काटी लावलेली दिसली तर रांगेतल्या शेवटच्याने ती लावायची. उघडी दिसली तर उघडीच ठेवायची, कारण शेतकऱ्याने स्वतःच्या कामासाठी उघडली असेल. शेवटी कोण चालणार हे मी सकाळीच ठरवून देत असे. एकदा एक बाई लावायला विसरल्या. तासभर वर चढून आल्यावर मला ते कळलं, आणि मी त्यांना अर्ध्या डोंगरावरून एकटंच परत पाठवलं. सगळ्यांदेखत. त्या खाली जाऊन, काटी लावून, घामाघूम होऊन वर आल्या तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं होतं.

त्या दरीत वाटेवरचं शेवटचं घर एका विधवा बाईंचं. मी त्यांना वहिनी म्हणायचो, त्या मला भाऊ. आमचा पहिला चहा त्यांच्या ओटीवर होई. त्यांचं वालाचं शेत घराच्या मागेच, आणि आमची पायवाट त्या शेताचा कोपरा कापून डोंगराला लागायची. शेतापलीकडच्या माळावर गावची ढोरं चरत. ती राखणारा म्हातारा सत्तरी ओलांडलेला, काटक, तोंडात कायम एक काडी. गावातल्या प्रत्येक घराकडून त्याला वर्षाला भात मिळायचं, त्यावरच त्याचं चालायचं. सकाळी ढोरं माळावर सोडली की तो शेतातून वहिनींकडे यायचा, प्यायच्या पाण्याचा डबा भरायचा आणि त्याच वाटेने परत जायचा. मला बघितलं की हसून म्हणायचा, "आलं आमचं डोंगरातलं मास्तर." मला ते आवडायचं.

तो जानेवारीतला रविवार होता. वालाला शेंगा धरलेल्या. आम्ही चहा पिऊन निघालो. काटी लावलेली होती. पहिल्याने ती उचलून बांधावर ठेवली, एकेक जण पलीकडे गेला. एवढ्यात कळलं की मुंबईच्या एका गृहस्थांचा गुडघा धरलाय आणि ते मागे ओटीवरच बसून राहिलेत. शेवटी चालणाऱ्या मुलीला मी म्हटलं, तू हो पुढे, यांना मी आणतो. गृहस्थांना उठवलं, त्यांचा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि आम्ही दोघं लंगडत शेतातून निघालो. फटीतून जाताना कोणीतरी पुढून आमचा फोटोही काढला. पलीकडे गेल्यावर मी वळलो, एका हाताने काटी ओढायला गेलो तर काटा तळव्यात चांगला खोल शिरला. रक्त आलं. गृहस्थ कण्हत होते, पुढचे लोक हाका मारत होते, ऊन चढत होतं. मी मनात म्हटलं, जाऊ दे, येताना लावू.

येताना आम्ही त्या वाटेने आलोच नाही. गुडघ्यामुळे उतरण नको म्हणून खिंडीपलीकडे गाडी मागवली आणि तिकडून परस्पर माणगावला गेलो. काटी माझ्या डोक्यातून साफ गेली. विसरलो म्हणतो, पण शेवटचा मीच होतो आणि हे मला फटीतून जातानाच माहीत होतं.

दोन आठवड्यांनी दुसरा गट घेऊन गेलो. वहिनींच्या ओटीवर त्या दिवशी चहाची गडबड नव्हती. वहिनी, त्यांचे दीर आणि म्हातारा बसलेले होते. मागे शेतात नुसते खुडलेले देठ दिसत होते. आम्ही गेलो त्याच दुपारी ढोरं फटीतून आत शिरली होती. म्हातारा ओढ्याकडे गेलेला, तो येईपर्यंत शेत संपलं होतं. गावाचं म्हणणं असं पडलं, की सकाळी पाणी भरून जाताना म्हाताऱ्यानेच काटी लावली नाही. त्याला दिसत नाही आता.

दीर मला म्हणाले, "आज ठरवायचं हाय भाऊ. ढोरं याच्याकडं ठेवायची का न्हाय ते."

म्हातारा उठून उभा राहिला. "मी काटी लावली. हातानं लावली, डोळ्यानं बघितली. भाऊंना इचारा. माझ्या मागनं तेच गेलं त्या वाटेनं. भाऊ, तुमी आलात तवा काटी लावलेली व्हती का न्हाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वहिनी, दीर आणि माझ्या मागे उभे असलेले नवे बारा जण. त्या बारा जणांना मी दहाच मिनिटांपूर्वी रस्त्यात काटीचा नियम समजावला होता, अर्ध्या डोंगरावरून परत पाठवलेल्या बाईंची गोष्टही रंगवून सांगितली होती. ती मी प्रत्येक गटाला सांगायचो. तळव्यावरची खपली अजून गेली नव्हती. मी हात खिशात घातला.

"आता नक्की आठवत नाही," मी म्हटलं. "पण बहुतेक मोकळंच होतं. आम्हाला वाटलं तुम्हीच उघडं ठेवलंय, म्हणून आम्ही हात लावला नाही."

बहुतेक. कोर्टात साक्षीदार हा शब्द उच्चारतो तेव्हा तो काय करतोय हे मला पहिल्या अक्षराला कळतं. इतकी वर्षं मी तो शब्द टाइप करत आलोय. खोटं तर बोलायचं, पण उद्या अंगाशी आलं तर पळायला फट ठेवायची, अशा माणसाचा तो शब्द आहे. माझ्या तोंडून तो किती सहज आला.

म्हाताऱ्याने तोंडातली काडी काढली. रागावला नाही. माझ्याकडे बघत राहिला आणि मग डोळे चोळले. "मोकळं व्हतं?" त्याने हळूच विचारलं. मी मान डोलावली. तो खाली बसला. दीर म्हणाले, "झालं मंग." वहिनी उठून आत चहा टाकायला गेल्या, आणि मी तो चहा प्यायलो.

घरी जाताना गाडीत मला तो फोटो आठवला. ग्रुपवर कोणीतरी टाकला होता, त्यावर बदाम आणि टाळ्यांचा पाऊस पडला होता, कारण दुखऱ्या माणसाला खांदा देणारा मी त्यात फार भला दिसत होतो. उघडून मोठा करून बघितला. आमच्या दोघांच्या मागे फट होती आणि बाजूला बांधावर उचलून ठेवलेली काटी, स्वच्छ दिसत होती. ग्रुपचा ॲडमिन मी. फोटो काढून टाकला. एकाने विचारलं, का हो काढला? मी लिहिलं, गावकऱ्यांच्या शेतीचे फोटो असे सगळीकडे फिरणं बरं नाही. त्यालाही लोकांनी शाबासकीचे अंगठे टाकले.

त्यानंतर मी ती वाट बंद केली. इतर डोंगरांत जात राहिलो, लाव्हा समजावत राहिलो. काटीचा नियम सांगताना जीभ अडखळायची, पण सांगायचो. न सांगावा तर कोणी विचारेल, ही भीती. रात्री झोप येत नव्हती असं म्हणणार नाही. झोप येत होती. मला त्याचीही लाज वाटते.

पुढच्या दिवाळीनंतर एका कामासाठी माणगावला गेलो होतो. एसटी स्टँडवर बाकावर म्हातारा बसलेला, शेजारी सून. त्याच्या हातात काठी होती. पूर्वी त्याच्याकडे ढोरं हाकायची शिपटी असे, ही टेकायची होती. मी नजर चुकवून जाणार होतो, पण सुनेने ओळखलं. तिने सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे आणलं होतं. घरातल्या घरात चाचपडत चालतात, विहिरीवर एकटे जात नाहीत, उंबरा ओलांडतानाही हात धरा म्हणतात.

"काय म्हणाले डॉक्टर?" मी विचारलं.

"डोळं वयाच्या मानानं बरं हायत म्हनतो," म्हातारा म्हणाला आणि हसला. "त्याला काय जातंय म्हनायला. मला त्या दिवशी काटी दिसली, अगदी समोर दिसली. आनि व्हतं मोकळं. गाव बोललं ते मी मनाला लावून घेतलं नसतं भाऊ, गाव काय, कायबी बोलतंय. पन तुमीच म्हनलात. तुमी कशाला खोटं बोलाल? डाक्टर काय त्या दिवशी तिथं व्हता? तुमी व्हतात."

त्यांची गाडी लागली. सुनेने त्याचा हात धरला. मी तिथेच सगळं बोलून टाकायला हवं होतं. मी म्हटलं, "सांभाळून जा बाबा."

पुढचे सात दिवस कसे गेले ते सांगत बसत नाही. रविवारी ग्रुपला तब्येतीचं कारण कळवलं आणि एकटा निघालो. म्हाताऱ्याचं घर वहिनींच्या घरापासून पाऊण तासावर, खिंडीच्या अलीकडे, पण वाटेपासून आत एका वाडीत. तो पडवीत बसला होता. मी पाणीसुद्धा न पिता बोललो. काटी तुम्ही लावली होती. आम्ही काढली. शेवटचा मी होतो, मी लावली नाही. आणि त्या दिवशी ओटीवर मी खोटं बोललो.

त्याने शिवी द्यावी, काठी उगारावी, असं मला वाटत होतं. मी त्याची तयारी करून आलो होतो. तो म्हणाला, "म्हंजे मला दिसत व्हतं."

"दिसत होतं."

त्याने घरात हाक मारली. "आयकलंस का गं? मला दिसत व्हतं." सून दारात आली. तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं तेवढंच काय ते त्या दिवशी मला माझ्या लायकीचं मिळालं. म्हातारा मात्र उठला, टोपी घातली आणि म्हणाला, "चला. वयनीला सांगू. हे त्यांच्यासमोर बोला."

वाट उताराची, काळ्या कातळात पायऱ्यांसारखे टप्पे. तो माझ्या पुढे चालत होता. काठी काखेत मारली होती. भरभर, एकेक टप्पा उतरत, मधेच थांबून समोरच्या डोंगरावरचं काहीबाही मला दाखवत. ते झाड बघा, तिथं मोहोळ लागलंय. ती बघा घार बसलीय. मला घार दिसली नाही. मी मागून धापा टाकत येत होतो, आणि खरं सांगायचं तर मला हलकं वाटत होतं. बोलून टाकलं की झालं, असं मी तेव्हा समजत होतो.

वहिनींच्या ओटीवर दीरही होते. मी सगळं पुन्हा सांगितलं, काही न गाळता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग दीर म्हणाले, "भाऊ, तवा तर तुमी मोकळं व्हतं म्हनलात."

"खोटं बोललो."

"तुमी?" वहिनी हसल्या. "तुमी एक कागद पडू देत न्हाय वाटंत. काटी न लावता जाल व्हय?"

मी हाताचा तळवा दाखवला. काट्याची खूणही राहिली नव्हती. फोटो होता, म्हटलं, त्यात दिसत होतं. दीर म्हणाले, दाखवा. तो मीच काढून टाकला होता, आणि ज्याने टिपला होता त्याला मी आधीच विचारलं होतं, त्याच्याकडेही तो उरला नव्हता. मी वहिनींना म्हटलं, शपथ घेतो. कोर्टात बहुतेक म्हणणारेही आधी शपथच घेतात.

वहिनींनी माझ्यापुढे चहाची कपबशी ठेवली. "कळतं आमाला भाऊ," त्या अगदी मायेने म्हणाल्या. "म्हाताऱ्याला बघवत न्हाय तुमाला. त्याच्यासाठी आळ अंगावर घेताय. असं कोन करतं आजकाल? पन झालं गेलं. ढोरं आता दुसऱ्याकडं हायत, तोबी चांगली राखतो."

दीरांनीही मान डोलावली. "मोठं मन हाय तुमचं," ते म्हणाले. मी ओरडून सांगायला हवं होतं. मी सांगितलंही, आवाज चढवून, दोनदा. जितकं सांगत गेलो तितके ते अधिकच कौतुकाने ऐकत गेले. म्हातारा एका बाजूला बसला होता. आधी तो माझ्याकडे बघत होता, मग वहिनींकडे, मग दीरांकडे. त्याने चहा घेतला नाही.

परतीच्या चढाला आम्ही दोघंच होतो. शेताच्या वरच्या अंगाला आल्यावर तो थांबला.

"भाऊ, एक इचारू? खरं सांगा." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "काटी खरंच व्हती? का तुमी माझ्यासाठी बोललात?"

"खरंच होती बाबा. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

"डाक्टरबी असंच म्हनतो," तो म्हणाला आणि माझ्या दंडावर थोपटलं, समजूत काढावी तसं. मग काखेतली काठी त्याने हातात घेतली. पुढे कातळाचा टप्पा होता. त्याने तो आधी काठीने चाचपला आणि मग पाय ठेवला.